वांगाला सुई टोचायची, तर कोणती?

प्रश्न : मॅडम, माझं वय ३८. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. विरळणीपासून बेदाणा शेडपर्यंत वर्षातले बरेच महिने उन्हातच जातात. धाकट्याच्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आला. धाकटा आता नऊ वर्षांचा आहे. शेजारणीने सांगितलेली एक ट्यूब मेडिकलमधून आणून दोन वर्षं लावतेय. लावली की उजळतं, चार दिवस सोडली की चेहरा लाल होतो, आग होते आणि डाग आधीपेक्षा गडद दिसतात. गेल्या वर्षापासून कानशिलाजवळ आणि मानेच्या बाजूला राखाडी डागही आलेत. सांगलीतल्या एका पार्लरमध्ये ग्लुटाथिऑनच्या दहा सलाईनचं पॅकेज आहे, त्याने लिव्हरही साफ होतं म्हणतात. मी पाच हजार भरून आलेय. एका स्किनच्या डॉक्टरांनी चेहऱ्यावर ट्रॅनेक्झॅमिकची इंजेक्शनं घ्यायला सांगितली. पुण्याच्या नणंदेने स्वतःच्या रक्ताचं पीआरपी केलं, ती म्हणते तेच कर. आता श्रावण चालू आहे, मार्गशीर्षात दिराच्या मुलीचं लग्न आहे. मी गर्भनिरोधक गोळ्या घेते, आणि लग्नात पाळी येऊ नये म्हणून तेव्हा लांबवायची गोळीही घेईन. यातलं कोणतं इंजेक्शन चांगलं?
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर :

ताई, निवड विचारलीत, तर निवड आधी सांगून टाकते. सलाईन नको. पीआरपीने बहुधा नुकसान होणार नाही, पण त्यात पैसे घालायची घाई करू नका. तिघांत सगळ्यात जास्त आधार ट्रॅनेक्झॅमिकला आहे, पण तेही आज नाही. तुमच्या चेहऱ्याला सुई लागण्याआधी काही गोष्टी निस्तराव्या लागतील, आणि त्या सगळ्या तुम्ही पत्रात ओघाओघात लिहून गेला आहात : ती ट्यूब, कानशिलाजवळचे राखाडी डाग, आणि गोळ्या.

ट्यूबचं नाव तुम्ही कळवलं नाही. वर्णनावरून ती बहुधा तिहेरी मिश्रणाची असावी : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं एखादं स्टिरॉइड. हे मिश्रण मुळात वाईट नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी असं तिहेरी औषध मांडलं, आणि त्याच्याच जातीचं मलम वांगावर आजही पहिल्या फळीत वापरलं जातं. पण ते दोनेक महिन्यांपुरतं, आणि कुणीतरी चेहरा बघत असताना. दोन वर्षं रोज लावलं की स्टिरॉइड त्वचा पातळ करतं. बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुरळ येतं, लव वाढते, आणि सोडलं की चेहरा पेटतो. तुमचं ‘चार दिवस सोडली की’ हे त्याचंच लक्षण आहे. आपल्या देशात हा प्रकार इतका पसरला की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’ असं त्याचं वेगळं निदानच ठरवलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरीही ‘शेजारच्या ताई नेतात तीच द्या’ म्हटलं की ती मिळते, हे तुम्हालाही ठाऊक आहे नि मलाही.

अशा पातळ, चिडलेल्या त्वचेत सुया टोचल्या तर काळंनिळं जास्त होतं, आग जास्त होते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेची तर सवयच अशी की कुठेही जखम किंवा दाह झाला की ती तिथे नवा काळा डाग सोडते. वांग घालवायला गेलेल्या सुईनेच डाग यायचा. म्हणून आधी ट्यूब बंद. मात्र आज रात्रीच फेकू नका. एकदम सोडली तर लाली इतकी येईल की तुम्ही घाबरून पुन्हा तिच्याकडेच वळाल. डॉक्टर ती हळूहळू कमी करतील किंवा सौम्य पर्याय देऊन सोडवतील. त्यात काही आठवडे, कधी त्याहून जास्त वेळ जातो, आणि त्या काळात चेहरा आधी बिघडून मग सुधारतो. एवढं माहीत असलं तर धीर धरता येतो.

आता राखाडी डाग. वांग बहुधा तपकिरी असतो आणि दोन्ही गाल, कपाळ, नाक, वरचा ओठ अशा जागी जोडीने येतो. कानशील आणि मानेची बाजू, त्यात राखाडी रंग, हे वाचून मला दुसरीच शंका येते. एक, लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस नावाचा आजार. तो भारतीयांत बऱ्यापैकी दिसतो आणि नेमका याच जागा पकडतो. दुसरी शंका केसांच्या रंगाची. तुम्ही ‘काळी मेंदी’ लावता का? त्या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच पाकिटांत पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींना त्याची अशी ॲलर्जी होते की खाज फारशी येत नाही, नुसती त्वचा काळवंडत जाते, आणि तीही केसांच्या कडेने. तिसरी शक्यता त्या ट्यूबमधल्या हायड्रोक्विनोनची. ते वर्षानुवर्षं लावलं तर काही जणींच्या गालफडांवर निळसर-काळा रंग बसतो आणि तो काढणं वांगापेक्षा अवघड. मान जाड, मखमली आणि काळी असेल, तर मात्र डॉक्टर आधी तुमचं वजन आणि साखर बघतील.

या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. लायकेनच्या जातीचे आजार तर टोचलेल्या, खरवडलेल्या जागी नव्याने उगवू शकतात. म्हणून सुईची चर्चा करण्याआधी कुणीतरी तुमचा चेहरा उजेडात, मग वूड्स लॅम्पच्या निळ्या प्रकाशात आणि डर्मोस्कोप म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली बघायला हवा. रंग वरच्या थरात आहे, खोल आहे की दोन्हीकडे, याचा अंदाज त्यातून येतो. ज्या डॉक्टरांनी ट्रॅनेक्झॅमिक सुचवलं त्यांनी हे केलं असेल तर उत्तम. नसेल तर पुन्हा जा आणि मानेचे डाग मुद्दाम दाखवा. आपण बायका चेहऱ्यासाठी जातो आणि मान स्कार्फमध्येच ठेवतो. बागेतल्या फवारणीचं, बेदाण्याला देता त्या गंधकाच्या धुरीचंही सांगा. डॉक्टर आपणहून ते विचारतीलच असं नाही.

हे सगळं होऊन निदान वांगाचंच निघालं, असं धरून पुढे लिहिते.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड कदाचित तुमच्या घरात आधीच येऊन गेलं असेल. पाळीत फार जातं म्हणून डॉक्टर ज्या गोळ्या देतात, त्यांत बऱ्याचदा हेच असतं. जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने १९६२ मध्ये ते शोधलं, रक्तस्राव थांबवण्यासाठी. पुढे १९७९ मध्ये जपानमध्येच सदाको नावाच्या डॉक्टरांनी ते अंगावर पित्त उठणाऱ्या रुग्णाला दिलं, आणि पित्ताबरोबर चेहऱ्यावरचा वांगही फिका झालेला दिसला. म्हणजे वांगावरचा त्याचा उपयोग अपघाताने सापडला. तो कसा होतो, हेही आता बरंचसं कळलं आहे. ऊन लागलं की त्वचेच्या पेशींत प्लाझमिन नावाचं द्रव्य वाढतं. त्यातून दाहाची रसायनं सुटतात आणि ती रंग बनवणाऱ्या पेशींना डिवचतात. ट्रॅनेक्झॅमिक ही साखळी सुरुवातीलाच अडवतं. शिवाय वांगाच्या डागाखाली रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात, त्याही ते काहीशा कमी करतं. आधीच तयार झालेला रंग मात्र ते पुसत नाही, तो त्वचेबरोबर हळूहळू झडायचा असतो. म्हणून पहिल्या सिटिंगनंतर आरशात काहीच दिसलं नाही तर फसलो असं समजू नका.

सुईने ते कितपत चालतं? २००६ मध्ये कोरियात १०० बायकांच्या चेहऱ्यावर दर आठवड्याला, असं १२ आठवडे, डागावर एकेक सेंटिमीटर अंतराने थेंबथेंब टोचून पाहिलं. वांगाचा विस्तार आणि गडदपणा मोजायचा ४८ पैकी एक गुणांक असतो. तो सरासरी १३ वरून साडेसातच्या आसपास आला. आकडा चांगला आहे, पण तुलनेसाठी वेगळा गट ठेवलेला नव्हता. २०१३ मध्ये बेंगळुरूत ६० जणांवर दोन पद्धती ताडून पाहिल्या : एका गटाला सुईने टोचलं, दुसऱ्याला बारीक सुयांच्या रोलरने छिद्रं पाडून वर तेच औषध लावलं. महिन्याला एक अशी तीन सिटिंग्ज झाली. पाठपुराव्याच्या शेवटी सुईच्या गटात सरासरी साधारण ३६ टक्के सुधारणा दिसली, रोलरच्या गटात ४४ टक्के.

हे आकडे लग्नाच्या तोंडावर नीट वाचा. तिसरा हिस्सा, फार तर निम्मा फरक. डाग राहतील, फिके होतील. कुणी ‘शंभर टक्के साफ’ म्हणत असेल तर त्यांना वांग कळलेला नाही, किंवा गिऱ्हाईक चांगलंच कळलेलं आहे.

सुईची जमेची बाजू वेगळी आहे. वांगासाठी हेच औषध तोंडाने देतात तेव्हा साधारण २५० मिलीग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, काही महिने देतात. कोरियातल्या अभ्यासात एक मिलीलीटर पाण्यात फक्त चार मिलीग्रॅम औषध होतं, म्हणजे पूर्ण चेहऱ्याला एका वेळी काही मिलीग्रॅमच. त्यामुळे रक्तात गुठळी होण्याची जी भीती गोळीला चिकटलेली आहे, ती सुईत पुष्कळ कमी होते. मात्र सगळीकडे हीच ताकद वापरतात असं नाही. काही ठिकाणी कितीतरी पट दाट औषध टोचतात. तेव्हा ‘किती मिलीग्रॅमचं देताय?’ हे विचारायचं. आणि हेच औषध ‘उजळण्यासाठी’ शिरेतून द्यायचं कुणी म्हणालं तर तिथून उठून यायचं.

टोचण्याआधी पाऊण तास बधिर करायचं मलम लावतात, तरी ओठावर दुखतंच. टोचल्या जागी दाण्याएवढे फुगवटे येतात आणि थोड्या वेळात बसतात. लाली एक-दोन दिवस, काळंनिळं झालं तर आठवडाभर. ओठावर वारंवार पाणफोड येत असतील, जखमेचा व्रण गाठीसारखा वाढत असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आधी सांगा. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे करत नाहीत. भारतात या इंजेक्शनची अधिकृत मान्यता रक्तस्रावासाठी आहे. वांगासाठी डॉक्टर ते स्वतःच्या निर्णयाने, अभ्यासांच्या आधारे वापरतात. त्यात गैर काही नाही, फक्त तसं तुम्हाला सांगून, संमतीच्या कागदावर सही घेऊन करायला हवं. औषधाची कुपी स्वस्त असते, तुम्ही पैसे देता ते हाताचे आणि स्वच्छतेचे. ऑनलाइन मिळणारा रोलर घेऊन घरी हा प्रयोग करू नका. जाऊबाईंबरोबर वाटून तर मुळीच नाही.

एक उणीव उरते : सिटिंग्ज थांबल्या की काही महिन्यांत वांग परतू शकतो. हे सुईचंच दुखणं नाही, वांगावरचा प्रत्येक उपचार इथेच अडतो. त्यामुळे सुई ही लावायच्या औषधाच्या आणि उन्हाच्या बंदोबस्ताच्या जोडीला घ्यायची गोष्ट आहे, त्यांच्या जागी नाही.

आता ते सलाईन. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

ग्लुटाथिऑन आपल्या शरीरात, मुख्यतः यकृतात, तयार होणारं द्रव्य आहे. ते रंग बनवणाऱ्या एन्झाइमला थोडं दाबतं, म्हणून सगळ्या अंगाचा रंग उजळवायच्या नावाखाली ते विकतात. तुमचा प्रश्न अंगाच्या रंगाचा नव्हताच ताई, गालावरच्या डागांचा होता. पार्लरने तो मधल्यामध्ये बदलून टाकला. गोरेपणासाठी शिरेतून ग्लुटाथिऑन देण्याचा, तुलनेचा गट ठेवून केलेला नीट अभ्यास शोधायला गेलं तर २०१६ मधला पाकिस्तानातला एक लहानसा अभ्यास हाती लागतो. त्यात आठवड्याला दोनदा, सहा आठवडे इंजेक्शनं दिली. सुरुवातीला काहींना फरक वाटला, पण सहा महिन्यांनी तो जवळजवळ कुणातच टिकला नव्हता. उलट सुमारे एक तृतीयांश जणांच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या, आणि एका व्यक्तीला जिवावर बेतणारी ॲलर्जिक रिॲक्शन आली. ‘लिव्हर साफ होतं’ हे वाक्य आता पुन्हा वाचा.

फिलिपिन्समध्ये हे सलाईन फार बोकाळलं. तिथल्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये लोकांना जाहीर इशारा दिला. शिरेतल्या ग्लुटाथिऑनला तिथे मान्यता आहे ती कर्करोगाच्या सिस्प्लॅटिन या औषधाबरोबर जोड म्हणून, रंग उजळायला नाही. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कातडी सोलवटून निघण्यासारख्या भयंकर रिॲक्शनचे धोके त्या इशाऱ्यात सांगितले आहेत. आपल्याकडेही हे इंजेक्शन गोरेपणासाठी मान्य नाही. त्या बाटलीत बहुतेकदा जोरदार मात्रेत व्हिटॅमिन सीही घालतात. ज्यांना मुतखड्याची सवय आहे किंवा जन्मतः जी-सिक्स-पीडी (रक्तातल्या लाल पेशींना जपणारं एन्झाइम) कमी आहे, त्यांना ते बाधू शकतं. पार्लरच्या खुर्चीत रिॲक्शन आली तर जीव वाचवणारं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन देणार कोण? ब्लीच करणारी मुलगी?

पीआरपीबद्दल तुमच्या नणंदेला खोटं पाडायचं नाही. हातातून थोडं रक्त घेतात, यंत्रात फिरवतात, वरचा पिवळसर, प्लेटलेटने दाट झालेला भाग चेहऱ्यात टोचतात. त्यातले काही घटक रंगनिर्मिती मंद करतात आणि त्वचेचा पोत सुधारतात. थायलंडमध्ये दहा बायकांच्या एका गालावर पीआरपी आणि दुसऱ्या गालावर नुसतं सलाईनचं पाणी टोचून पाहिलं, तर पीआरपीचा गाल सरस ठरला. पण बायका दहाच. ट्रॅनेक्झॅमिकशी तुलना करणारे अभ्यासही लहान आहेत आणि त्यांचा कौल एकसारखा नाही. मोठी अडचण अशी की पीआरपी ही ठरलेल्या ताकदीची वस्तूच नाही. यंत्र, किट, फिरवण्याचा वेग आणि तुमचं त्या दिवशीचं रक्त, यांवर त्यात काय उतरेल ते ठरतं. नणंदेला लागू पडलं ते तुम्हाला पडेलच, हे तिचे डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. खर्च बहुधा जास्त येतो. ज्यांना ट्रॅनेक्झॅमिक चालणारच नाही, उदाहरणार्थ ज्यांच्या पायाच्या शिरेत पूर्वी गुठळी झाली आहे, त्यांच्यासाठी मात्र हा विचार करण्याजोगा पर्याय आहे.

पीआरपीत रक्ताचा खेळ असतो, तेव्हा किट तुमच्यासमोर फोडलेलं, एकदाच वापरायचं आणि नळीवर तुमचं नाव लिहिलेलं हवं. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात एका विनापरवाना स्पामध्ये असंच रक्ताचं फेशियल केलेल्या काही बायकांना एचआयव्हीची लागण झाली. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला आहे.

तुम्हाला पुढेमागे कुणी ‘मेसो कॉकटेल’ (त्वचेत टोचायचं अनेक औषधांचं मिश्रण), एक्सोसोम (पेशींतून सुटणाऱ्या अतिसूक्ष्म पिशव्या), माशाच्या डीएनएचं इंजेक्शन असंही दाखवेल. कॉकटेलमध्ये नेमकं काय आणि किती आहे हे छापील लिहिलेलं नसेल तर ते चेहऱ्यात घेऊ नये. अशा टोचण्यांतून क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले चिवट जंतू शिरून महिनोन् महिने गाठी आणि पू होत राहिल्याची उदाहरणं आहेत. बाकीच्या दोन गोष्टी वांगासाठी अजून कच्च्या आहेत.

गोळ्यांचं मी शेवटाकडे लिहितेय, पण तुमच्या बाबतीत फरक पडायची सगळ्यात मोठी शक्यता कदाचित इथेच आहे. गर्भारपणात जो वांग येतो, त्याच जातीच्या हार्मोनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांवरही येतो आणि टिकतो. नऊ वर्षं तो का हटत नाही, याचं अर्धं उत्तर कदाचित त्या पाकिटात आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून बिनहार्मोनचा उपाय बघा. तांबी आहे. आणि मुलं झालेली आहेत, तर यजमानांची छोटी शस्त्रक्रिया हाही उपाय आहे. तो घरात कुणी सुचवत नाही म्हणून मी सुचवते. शिवाय या गोळ्या आणि ट्रॅनेक्झॅमिकच्या गोळ्या एकत्र घ्यायच्या नसतात, कारण दोन्हींचा कल रक्त गोठण्याकडे. चेहऱ्यावरच्या सुईत मात्रा किरकोळ असली तरी डॉक्टरांपासून हे लपवू नका. घरात कुणाला कमी वयात अर्धांगवायू, हृदयविकार किंवा शिरेत गुठळी झाली असेल, तुमचे लागोपाठ गर्भपात झाले असतील, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असेल, तर तेही सांगा.

पाळी लांबवायची गोळीही हार्मोनचीच. लग्न, सत्यनारायण, गौरी-गणपती, प्रत्येक वेळी मेडिकलमधून आणून घ्यायची ती गोष्ट नव्हे. गर्भनिरोधक गोळ्या चालूच राहिल्या तर पाकीट कसं लांबवायचं हे स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतील, कदाचित वेगळी गोळी लागणारही नाही. आणि लग्नात पाळी आली तर आली, हे माझं मत. ते तुमच्या सासूबाईंना पटेल असा दावा नाही.

ऊन. बागायतदाराच्या बायकोला ‘उन्हात जाऊ नका’ सांगणारा डॉक्टर कधी बागेत गेलेला नसतो. मांडवाखाली सावली असते, पण वांगाला नुसता अतिनील प्रकाश नव्हे, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही डिवचतो, आणि चुलीची, शेडची धगही. म्हणून तुम्हाला पांढरं सनस्क्रीन पुरणार नाही. मातकट, त्वचेच्या रंगाचं, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं असं घ्या. तेच दिसणारा उजेड अडवतं, आणि ते लावून चेहरा पिठासारखा पांढराही दिसत नाही. एसपीएफ ५०. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. बहुतेक जणी त्याच्या चौथ्या हिश्शात भागवतात. सकाळी निघताना, आणि दुपारच्या भाकरीआधी घाम पुसून पुन्हा. वरून रुंद काठाची टोपी आणि घट्ट विणीचा गडद सुती स्कार्फ. गाडीवर घालता तो सनकोट बागेतही चालतो, लोक हसतील तर हसू द्या. बेसन-लिंबू घासणं बंद करा; लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचा भाजते आणि काळी पडते. हळद सांगलीची असली तरी तिने वांग जात नाही. हळदीच्या कार्यक्रमात लावून घ्यायला मात्र माझी हरकत नाही.

लग्नापर्यंतचा हिशोब असा बसतो. श्रावण-भाद्रपदात ट्यूब सोडवणं, निदान पक्कं करणं, सनस्क्रीनची सवय आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर ॲझेलेइक ॲसिडसारखं स्टिरॉइड नसलेलं मलम. अश्विनात, तुमच्या ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास, त्वचा शांत झाली असेल तर ट्रॅनेक्झॅमिकच्या सिटिंग्ज सुरू, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. शेवटची सिटिंग लग्नाच्या किमान दोन आठवडे आधी, म्हणजे काळंनिळं फोटोत यायला नको. त्या मधल्या काळात ब्लीच, फेशियल, लेझर काही नाही. लेझरने आपल्या त्वचेवरचा वांग उलटून गडद होण्याची भीती असते. त्वचा अश्विनापर्यंत शांत झाली नाही, तर लग्नाआधी सुई अजिबात घेऊ नका, पौषात बघू. मेकअप करणाऱ्या बाई नारिंगी करेक्टर लावून एका दिवसापुरते डाग सहज झाकतील.

यासाठी पुण्याला जायची गरज नाही. सांगली-मिरजेत त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेले डॉक्टर आहेत. पाटीवरची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा. खर्चाची अडचण असेल तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा. तिथे निदान तरी नक्की होईल, आणि तुमच्या बाबतीत निम्मं काम तेच आहे. जाताना ती ट्यूब, काळ्या मेंदीचं पाकीट आणि सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. चेहऱ्याला त्या दिवशी काही लावू नका. आणि खिडकीजवळ, फिल्टर न लावता, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच वेळी. आरसा रोज बघितला की फरक कळत नाही.

पार्लरला भरलेले पाच हजार परत मागा. पावती असेल तर लेखी मागा. ‘दुसऱ्या सर्व्हिसमध्ये वळते करून घ्या’ म्हणाल्या तर सुई किंवा सलाईन नसलेलं काहीही घ्या, मुलीचा हेअरकट, लग्नाची मेंदी, काहीही. तेही नाही म्हणाल्या तर पैसे गेले असं धरा. फक्त ते वसूल व्हावेत म्हणून ‘निदान दोन बाटल्या तरी’ असं करू नका.